खट्! – एका पट्ट्याची गोष्ट

मुलांनो, रविवारी सकाळी मराठीच्या वर्गाला यायला तुम्ही गाडीत बसता, तेव्हा गाडी हलण्याआधी एक छोटासा आवाज होतो – खट्! हा आवाज इतका रोजचा आहे की तो आपल्याला ऐकूही येत नाही. तो आवाज सीटबेल्टचा. सरकारी मराठीत त्याला कोणी ‘आसनपट्टा’ म्हणेल, कोणी ‘सुरक्षापट्टा’ म्हणेल. आपण या लेखात सीटबेल्ट किंवा नुसता ‘पट्टा’ म्हणू, म्हणजे आजीलाही कळेल आणि तुम्हालाही.

दिसायला ही वस्तू किती साधी! दोन-अडीच बोटे रुंदीची विणलेली पट्टी, एक जीभ आणि ती जीभ पकडणारे एक कुलूप. पण या साध्या वस्तूची गोष्ट मोठी गमतीची आहे. चांगला पट्टा कसा असावा हे एका हुशार इंजिनिअरने साधारण वर्षभरात शोधून काढले. तो पट्टा लोकांना लावायला शिकवण्यात मात्र पुढची पंचवीस-तीस वर्षे गेली, आणि मागच्या सीटवर तर ते काम अजून पुरे झालेले नाही. असे का झाले, ते पाहू या.

आधी थोडे विज्ञान

तुमच्या आईबाबांना विचारा, ‘तुम्ही एस.टी.त कधी उभे राहून प्रवास केला आहे का?’ ते हसून हो म्हणतील. ड्रायव्हरने करकचून ब्रेक मारला की उभी असलेली सगळी मंडळी पुढच्या माणसावर आदळतात. त्यांना मागून कोणी ढकललेले नसते. बस थांबली, पण माणसे थांबली नाहीत, एवढेच! वस्तू ज्या वेगाने चालली आहे त्याच वेगाने चालत राहते, जोपर्यंत तिला कोणी अडवत नाही. याला विज्ञानात ‘जडत्व’ म्हणतात. न्यूटनच्या गतीविषयक पहिल्या नियमात हेच सांगितले आहे.

आता समजा, तुमची गाडी ताशी ३० मैल वेगाने चालली आहे आणि एका भिंतीवर आदळली. गाडीचे नाक चेपते आणि गाडी साधारण एक दशांश सेकंदात थांबते. डोळ्याची पापणी लवायला लागतो जेमतेम तेवढाच हा वेळ. गाडी थांबली, पण आत बसलेला माणूस? त्याने पट्टा लावला नसेल तर तो अजून ताशी ३० मैल वेगानेच पुढे चाललेला असतो. त्याला थांबवते ते स्टिअरिंगचे चाक, समोरची काच किंवा पुढची सीट. हा वेग म्हणजे काय, ते कळण्यासाठी एक हिशेब सांगते. सुमारे ३० फूट उंचीवरून खाली पडलेला माणूस जमिनीवर आदळतो, तेव्हा त्याचा वेग साधारण एवढाच असतो.

‘मी हातांनी घट्ट धरीन’ असे काही जणांना वाटते. ३० फुटांवरून पडणाऱ्या माणसाला आपल्या दोन हातांवर तोल सावरता येईल का? मग गाडीतही येणार नाही.

पट्टा तीन कामे करतो. एक म्हणजे तो आपल्याला गाडीशी बांधून ठेवतो. त्यामुळे गाडीचे नाक चेपत असताना तिच्याबरोबर आपणही हळूहळू थांबतो, एकदम आदळून नव्हे. दुसरे म्हणजे तो धक्क्याचा जोर शरीराच्या मजबूत हाडांवर, म्हणजे कमरेच्या हाडावर, छातीच्या पिंजऱ्यावर आणि खांद्यावर वाटून देतो. आणि तिसरे म्हणजे तो आपल्याला गाडीबाहेर फेकले जाऊ देत नाही. गाडीबाहेर फेकला गेलेला माणूस वाचण्याची शक्यता फारच कमी असते.

मोटारीच्या आधीचा पट्टा

गंमत म्हणजे पट्ट्याचे पेटंट मोटारीच्या पेटंटपेक्षा जुने आहे! एडवर्ड क्लॅगहॉर्न नावाच्या अमेरिकन माणसाने १० फेब्रुवारी १८८५ रोजी ‘सुरक्षापट्ट्या’चे पेटंट मिळवले. माणसाला एखाद्या स्थिर वस्तूशी आकड्यांनी बांधून ठेवणारा हा पट्टा होता. जर्मनीत कार्ल बेंझ यांनी आपल्या पेट्रोलवर चालणाऱ्या गाडीचे पेटंट मागितले ते त्यानंतर, जानेवारी १८८६ मध्ये. म्हणजे क्लॅगहॉर्नच्या डोळ्यांसमोर मोटार असणे शक्यच नव्हते.

पुढे विमाने आली. सुरुवातीची विमाने उघडी असत. वैमानिक बाहेर फेकला जाऊ नये म्हणून त्याला पट्ट्याने बांधत. मोटारीत मात्र पट्ट्याची गरज आहे असे पुष्कळ वर्षे कोणाला वाटले नाही. गाडी जमिनीवरच तर चालते, पडून पडणार कुठे, असा सगळ्यांचा समज!

हा समज खोडून काढणाऱ्यांत एक धाडसी माणूस होता. त्याचे नाव कर्नल जॉन पॉल स्टॅप. हे अमेरिकेच्या वायुदलात डॉक्टर होते. माणसाचे शरीर किती मोठा धक्का सहन करू शकते, हे त्यांना शोधायचे होते. त्यासाठी त्यांनी दुसऱ्या कोणाला बसवले नाही. ते स्वतःच रॉकेट लावलेल्या घसरगाडीत बसले. १० डिसेंबर १९५४ रोजी न्यू मेक्सिकोमध्ये त्यांच्या घसरगाडीने ताशी ६३२ मैलांचा वेग गाठला आणि दीड सेकंदाच्या आत ती थांबली. त्या क्षणी त्यांच्या शरीरावर त्यांच्या वजनाच्या ४६ पट जोर आला. त्यांच्या डोळ्यांत रक्त उतरले, काही काळ दिसेनासे झाले. पण ते वाचले, कारण ते पट्ट्यांनी नीट बांधलेले होते. पुढे ते ८९ वर्षांचे होऊन १९९९ साली वारले.

स्टॅप यांच्या लक्षात आणखी एक गोष्ट आली. वायुदलाचे जितके वैमानिक विमान अपघातात दगावत होते, त्यांहून जास्त मोटारीच्या अपघातात दगावत होते! आकाशात पट्टा बांधणारा माणूस घरी जाताना रस्त्यावर मोकळाच बसत होता. तेव्हापासून स्टॅप यांनी मोटारीत पट्टे हवेत, हा ध्यास घेतला.

निल्स बोलिन यांचा तीन टोकांचा पट्टा

१९५० च्या सुमारास काही अमेरिकन गाड्यांत जादा पैसे देऊन पट्टा बसवून मिळत असे. पण तो नुसता मांडीवरून जाणारा पट्टा होता, आजही विमानात असतो तसा. मोटारीच्या अपघातात त्याने कंबर जागेवर राही, पण छाती आणि डोके पुढे आपटे. शिवाय पट्टा पोटावर सरकला तर आतड्यांना इजा होई.

स्वीडनमध्ये निल्स बोलिन नावाचे इंजिनिअर होते. ते आधी विमानाच्या कारखान्यात होते. संकटाच्या वेळी वैमानिकाला सीटसकट विमानाबाहेर उडवणारी आसने तयार करण्याचे त्यांचे काम होते. १९५८ साली व्हॉल्वो या मोटार कंपनीने त्यांना आपल्याकडे बोलावले आणि सांगितले, आता माणसाला गाडीच्या आत ठेवून दाखवा!

वैमानिकाला चार-पाच पट्ट्यांनी बांधले तरी तो तक्रार करत नाही. पण मोटारीत बसणाऱ्या सामान्य माणसाला एवढा धीर नसतो, हे बोलिन ओळखून होते. म्हणून त्यांनी असा पट्टा शोधला की जो एका हाताने, एका क्षणात लावता येईल. एक भाग कमरेवरून आडवा, दुसरा भाग खांद्यावरून छातीवर तिरका, आणि दोन्ही भाग सीटच्या शेजारी खाली एका ठिकाणी येऊन मिळतात. तीन टोके, एकच कुलूप. कुलूप पोटावर न ठेवता बाजूला ठेवले, म्हणजे धक्का बसला तर ते पोटात रुतणार नाही. आज तुमच्या गाडीत आहे तो पट्टा हाच. १३ ऑगस्ट १९५९ रोजी असा पट्टा बसवलेली पहिली गाडी स्वीडनमधल्या क्रिस्टियान्स्टाड गावच्या विक्रेत्याकडे पोचली.

आता या गोष्टीतला सर्वांत सुंदर भाग ऐका. या पट्ट्याचे पेटंट कंपनीकडे होते. प्रत्येक पट्ट्यामागे दुसऱ्या कंपन्यांकडून पैसे घेता आले असते. पण व्हॉल्वोने ते घेतले नाहीत. हा शोध कोणीही फुकट वापरावा, असे त्यांनी जाहीर केले. म्हणून आज होंडा असो, टोयोटा असो की मारुती, सगळ्या गाड्यांत बोलिन यांचाच पट्टा दिसतो. १९६७ साली बोलिन यांनी स्वीडनमधल्या २८ हजार अपघातांचा अभ्यास मांडला आणि आपला पट्टा खरोखर जीव वाचवतो हे आकड्यांनी दाखवून दिले. ते २००२ साली वारले.

पट्टा आहे, पण लावतो कोण?

पट्टा तयार झाला. मग प्रश्न सुटला का? छे! अजून गोष्ट अर्धीसुद्धा झालेली नाही.

अमेरिकेत १९५६ च्या गाड्यांसाठी फोर्ड कंपनीने सुरक्षिततेची मोठी जाहिरात केली आणि जादा पैशांत पट्टे देऊ केले. पण त्या वर्षी प्रतिस्पर्धी शेव्हरोलेच्या गाड्या जास्त खपल्या. त्यावरून ‘सुरक्षितता विकली जात नाही’ अशी म्हणच मोटार धंद्यात पडून गेली. लोकांना गाडीचा रंग आणि वेग आवडे. अपघाताची आठवण करून देणारी वस्तू कोणाला हवी होती?

१९६५ साली राल्फ नेडर या तरुण वकिलाने मोटार कंपन्या सुरक्षिततेकडे कसे दुर्लक्ष करतात, यावर एक पुस्तक लिहिले. ते खूप गाजले. पुढच्याच वर्षी, ९ सप्टेंबर १९६६ रोजी, राष्ट्राध्यक्ष लिंडन जॉन्सन यांनी वाहन सुरक्षेच्या कायद्यावर सही केली. त्या वेळी कर्नल स्टॅप तिथे हजर होते. १ जानेवारी १९६८ पासून अमेरिकेतल्या प्रत्येक नव्या मोटारीत पट्टे बसवणे सक्तीचे झाले.

नीट वाचा हं! पट्टे *बसवणे* सक्तीचे झाले, *लावणे* नाही. गाड्यांत पट्टे आले आणि लोक त्यांच्यावर आरामात बसू लागले!

मग सरकारने एक युक्ती केली. १९७४ च्या नव्या गाड्यांत अशी यंत्रणा घातली की पुढच्या सीटवरच्यांनी पट्टा लावल्याशिवाय गाडी सुरूच होणार नाही. पण ही युक्ती अंगाशी आली. पुढच्या सीटवर किराण्याची जड पिशवी ठेवली तरी गाडीला वाटायचे माणूस बसला आहे, आणि ती सुरू व्हायला नकार द्यायची. लोक इतके चिडले की त्याच वर्षी ऑक्टोबरमध्ये काँग्रेसने कायदा करून ही यंत्रणाच बंद पाडली. एवढेच नव्हे, तर पट्ट्याची आठवण करून देणारी घंटी सरकारी नियमाने आठ सेकंदांहून जास्त वेळ वाजवायला लावता येणार नाही, असेही ठरवले.

कायदा आला

पट्टा लावणे सर्वांना सक्तीचे करण्याचे धाडस प्रथम केले ते ऑस्ट्रेलियातल्या व्हिक्टोरिया राज्याने, डिसेंबर १९७० मध्ये. पुढच्याच वर्षी तिथल्या रस्त्यांवरचे मृत्यू कमी झाले. मग इतर देश जागे झाले. इंग्लंडमध्ये मात्र पार्लमेंटात वर्षानुवर्षे वाद चालला. ‘माझ्या गाडीत मी काय करावे हे सरकारने का सांगावे?’ हा तिथला प्रश्न. शेवटी ३१ जानेवारी १९८३ पासून पुढच्या सीटवरच्यांना पट्टा सक्तीचा झाला. आधी दहातले जेमतेम चार जण पट्टा लावत. कायदा येताच नऊहून अधिक लावू लागले! मागच्या सीटवरच्या मुलांना सक्ती १९८९ साली झाली आणि मोठ्यांना १९९१ साली.

अमेरिकेत हा विषय राज्यांच्या हातात आहे. १९८४ साली पहिला कायदा केला न्यू यॉर्कने. त्याच्या पाठोपाठ १ मार्च १९८५ पासून आपल्या न्यू जर्सीत कायदा लागू झाला. आज फक्त न्यू हॅम्पशायर या एकाच राज्यात मोठ्या माणसांना पट्ट्याची सक्ती नाही. १९८० च्या दशकाच्या सुरुवातीला अमेरिकेत शंभरातले सुमारे १४ लोक पट्टा लावत. आज पुढच्या सीटवर बसणारे शंभरातले नव्वदहून अधिक लोक लावतात. सरकारी हिशेबाप्रमाणे २०१७ या एका वर्षात पट्ट्यांमुळे देशात सुमारे १५ हजार माणसे वाचली.

पण कायदा करणारेही कधी कधी तो विसरतात. १२ एप्रिल २००७ रोजी न्यू जर्सीचे गव्हर्नर जॉन कोरझाइन गार्डन स्टेट पार्कवेवरून चालले होते. गाडी पोलीस चालवत होता आणि तिचा वेग ताशी ९१ मैल होता. गव्हर्नर पुढच्या सीटवर होते, पण त्यांनी पट्टा लावला नव्हता. अपघातात त्यांच्या मांडीचे हाड आणि अनेक बरगड्या मोडल्या. कितीतरी दिवस ते कृत्रिम श्वासावर होते. बरे झाल्यावर त्यांनी दोन गोष्टी केल्या. आपल्याच राज्याचा ४६ डॉलरचा दंड भरला, आणि टीव्हीवर येऊन लोकांना सांगितले की माझ्यासारखे करू नका. राज्याचा प्रमुख असो की साधा माणूस, जडत्वाचा नियम सगळ्यांना सारखाच!

मांडीवरचे बाळ

आता हा भाग आईबाबांनी आणि आजीआजोबांनी जरूर वाचावा.

आपल्याकडे बाळ मांडीवरच शोभते. ते रडायला लागले की त्याला कारसीटमधून काढून उराशी धरावेसे वाटते. यात माया आहे, पण गाडीत या मायेचे काही चालत नाही. हिशेब करून पाहा. वर सांगितल्याप्रमाणे ताशी ३० मैल वेगाची गाडी नाक चेपून दोन फुटांत थांबली, तर आतल्या प्रत्येक वस्तूवर तिच्या वजनाच्या साधारण १५ पट जोर येतो. १० किलोचे बाळ त्या क्षणी १५० किलोचे होते. दीड क्विंटलचे पोते कोणत्या आईला हातांत धरवेल? आणि आईनेही पट्टा लावला नसेल, तर आईच्या अंगाचा सगळा भार बाळावर येतो. एकच पट्टा दोघांभोवती गुंडाळला तरी तेच होते.

हे डॉ. रॉबर्ट सँडर्स यांनी ओळखले होते. ते टेनेसी राज्यात बालरोगतज्ज्ञ होते. कायदे करणाऱ्यांच्या त्यांनी इतक्या विनवण्या केल्या, की अखेर १ जानेवारी १९७८ पासून टेनेसीत लहान मुलांना कारसीटमध्ये बसवण्याचा कायदा लागू झाला. अमेरिकेतला असा हा पहिलाच कायदा. पण त्यात एक पळवाट होती. बाळ मोठ्या माणसाच्या हातात असेल तर कारसीट नसली तरी चालेल! सँडर्स या पळवाटेशी भांडत राहिले आणि १९८१ साली ती बंद झाली. १९८५ पर्यंत अमेरिकेतल्या सगळ्या राज्यांनी मुलांसाठी कायदे केले.

न्यू जर्सीचा आजचा नियम थोडक्यात असा आहे:

• दोन वर्षांखालचे आणि ३० पौंडांपेक्षा कमी वजनाचे मूल – मागच्या सीटवर, पाठ पुढे करून बसवलेल्या कारसीटमध्ये.
• चार वर्षांखालचे आणि ४० पौंडांपेक्षा कमी वजनाचे मूल – मागच्या सीटवर, पाच पट्ट्यांच्या कारसीटमध्ये. ती कारसीट पाठ पुढे करून बसवलेली असावी, आणि मूल तिच्यात मावेनासे झाले की तोंड पुढे करून.
• आठ वर्षांखालचे आणि ५७ इंचांपेक्षा कमी उंचीचे मूल – मागच्या सीटवर, पाच पट्ट्यांच्या कारसीटमध्ये, आणि त्यात मावेनासे झाले की बूस्टरवर.
• त्यापुढे नेहमीचा सीटबेल्ट.

बूस्टर म्हणजे बाळाची खुर्ची नव्हे हं! पट्टा मोठ्या माणसाच्या मापाचा असतो. लहान मुलाला तो गळ्यावर आणि पोटावर येतो. बूस्टर मुलाला उंच करते, म्हणजे पट्टा खांद्यावर आणि कमरेच्या हाडावर बसतो. तेव्हा वर्गात कोणी बूस्टरवरून चिडवले तर त्याला हे समजावून सांगा.

मागची सीट

मागच्या सीटवर धोका नाही, हा गैरसमज आपल्या लोकांत फार आहे. याचे एक कारण असे की आपले पालक ज्या ॲम्बेसेडर आणि फियाट गाड्यांतून वाढले, त्यांत मागे पट्टे नव्हतेच. लग्नाला जाताना मागे पाच-सहा जण कोंबून बसत आणि लहान मुले मांडीवर.

४ सप्टेंबर २०२२ रोजी मुंबई–अहमदाबाद महामार्गावर, पालघर जिल्ह्यातल्या चारोटीजवळ, सूर्या नदीच्या पुलावर एक महागडी, एअरबॅग असलेली गाडी कठड्याला धडकली. गाडीत चौघे होते. पुढचे दोघे जबर जखमी झाले, पण वाचले. मागे बसलेले दोघे जागीच गेले. त्यांपैकी एक होते टाटा सन्सचे माजी अध्यक्ष सायरस मिस्त्री. मागच्या दोघांनी पट्टे लावले नव्हते, असे पोलिसांनी सांगितले.

मागे बसणाऱ्यांनी पट्टा लावावा, हा नियम भारतात त्याआधीही होता. २०१९ च्या दुरुस्तीने पट्टा न लावल्याचा दंड १०० रुपयांवरून १००० रुपये झाला आणि १४ वर्षांखालच्या मुलांसाठी पट्टा किंवा कारसीट सक्तीची झाली. पण पाळत होते कोण? या अपघातानंतर मुंबई पोलिसांनी १ नोव्हेंबर २०२२ पासून सर्व प्रवाशांना पट्टा सक्तीचा असल्याचे जाहीर केले.

मागचा मोकळा माणूस स्वतःपुरताच धोका पत्करतो, असेही नाही. तो पुढच्या सीटवर आदळतो आणि पट्टा लावलेल्या पुढच्या माणसालाही इजा करतो. म्हणजे आपण मागे पट्टा लावतो, तो पुढे बसलेल्या बाबांसाठीसुद्धा.

न्यू जर्सीत मागच्या सीटवरही पट्टा सक्तीचा आहे. मात्र मागे बसलेल्या मोठ्या माणसासाठी पोलीस मुद्दाम गाडी थांबवत नाहीत. दुसऱ्या कारणाने थांबवली तरच दंड करतात. म्हणून घरातली मोठी माणसे निर्धास्त असतात. पण भिंत काही पोलिसाची वाट पाहत नाही.

नेहमीच्या सबबी आणि त्यांची उत्तरे

‘जवळच तर जायचंय.’ – आपले बहुतेक प्रवास जवळचेच असतात. अपघातही तिथेच होतात.

‘एअरबॅग आहे की!’ – एअरबॅग पट्ट्याच्या जोडीला आहे, पट्ट्याऐवजी नाही. ती फार जोराने उघडते. पट्टा न लावता तिच्यावर जाऊन आपटले, तर तिचाच मार बसतो. म्हणूनच तेरा वर्षांखालच्या मुलांनी मागेच बसावे असे डॉक्टर सांगतात.

‘गाडी पेटली किंवा पाण्यात पडली तर अडकू.’ – असे अपघात फार थोडे. आणि त्यातही पट्ट्यामुळे शुद्धीवर राहिलेला माणूसच कुलूप उघडून बाहेर पडू शकतो.

‘साडी चुरगळते.’ – गणपतीच्या कार्यक्रमाला जाताना हे हमखास ऐकू येते. चुरगळलेल्या साडीला इस्त्री करता येते.

‘दिवस गेलेत, पोटावर दाब नको.’ – गरोदर बाईने पट्टा अवश्य लावावा. आडवा भाग पोटाच्या खाली, मांड्यांवर, आणि तिरका भाग पोटाच्या बाजूने छातीच्या मधून घ्यावा.

‘थंडी आहे, जाकीट राहू दे.’ – मुलांना फुगीर जाकीट घालून कारसीटमध्ये बांधू नका. धक्का बसला की जाकीट चेपते आणि पट्टे ढिले पडतात. आधी पट्टा बांधा, मग वरून जाकीट पांघरा.

आणि एक सबब आपल्या वर्गाच्या दारातच ऐकू येते: ‘चार मुलं आहेत आणि तीनच पट्टे, पण दहाच मिनिटं!’ पालकहो, चौथ्या मुलासाठी दुसरी फेरी मारा, नाहीतर दुसऱ्या पालकांना फोन करा. वर्गाला उशीर झाला तर बाई रागावणार नाहीत.

मुलांनो, घरी करून पाहा

१. एका खेळण्यातल्या मोटारीच्या टपावर छोटी बाहुली ठेवा. समोर जाड पुस्तक ठेवून मोटार जोरात सोडा. बाहुली कुठे गेली? आता बाहुलीला रबरबँडने बांधून पुन्हा सोडा. काय फरक पडला, ते दोन ओळींत मराठीत लिहून आणा.

२. गाडी उभी असताना पट्टा हळूच ओढा. तो सरसर बाहेर येतो. आता एकदम हिसका द्या. तो अडकतो! पट्टा ज्या रिळावर गुंडाळलेला असतो, त्यात हिसक्याने लागणारी खीळ असते. म्हणूनच रोज आपल्याला वाकता-वळता येते आणि धक्क्याच्या वेळी मात्र पट्टा घट्ट धरतो.

३. आजी-आजोबा भारतातून आले की त्यांना पट्टा लावायला तुम्ही शिकवा. आडवा भाग खाली कमरेवर, तिरका भाग खांद्यावर, पीळ नको, आणि काखेखालून घ्यायचा नाही. आजीला कुलूप सापडत नसेल तर ते तिच्या हातात द्या. ‘बाळ, मला नको’ असे ती एकदा म्हणेल, दोनदा म्हणेल. ‘आजी, खट् झाल्याशिवाय गाडी निघणार नाही,’ असे तिला प्रेमाने सांगा. १९७४ सालच्या मोटारीचे कोणी ऐकले नाही, पण नातवंडांचे ऐकतात!

नवे शब्द

जडत्व – वस्तू आहे त्याच स्थितीत किंवा वेगात राहण्याचा गुण.
सक्ती – करायलाच लागेल असा नियम.
पळवाट – नियमातून निसटण्याची फट.
सबब – काम न करण्यासाठी सांगितलेले कारण.
कठडा – पुलाच्या किंवा गच्चीच्या कडेची भिंत.

– एक पालक